पाच सिद्धांत, एक मूळ: सुरुवात कुठून करावी

स्ट्रिंग थिअरीतली (मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतूंची कंपनं, असं मानणाऱ्या सिद्धांतातली) द्वैतं, म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या वर्णनांमागची समानता, शिकायची असेल तर एम-थिअरीपासून सुरुवात करू नकोस, एवढं माझं ऐक. पाचही सुपरस्ट्रिंग सिद्धांत एकाच सिद्धांताची, म्हणजे या एम-थिअरीची, वेगवेगळी टोकं आहेत, असं भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांनी १९९५ मध्ये मांडलं. ते वाचायला थरारक आहे, पण गणित हाताखालून गेल्याशिवाय सगळं ऐकीवच राहतं.

आधी टी-द्वैत, म्हणजे लहान आणि मोठ्या त्रिज्येतली समानता, स्वतः सोडव. एक मिती वर्तुळासारखी गुंडाळलेली घे. बंद स्ट्रिंगच्या संवेगाची ऊर्जा त्रिज्या वाढली की घटते. पण स्ट्रिंग वर्तुळाला वेढेही घालते, आणि त्यांची ऊर्जा त्रिज्येबरोबर वाढते. आता स्ट्रिंगच्या लांबीच्या एककात त्रिज्या उलटी कर, संवेग आणि वेढे यांच्या संख्यांची अदलाबदल कर. वर्णपट, म्हणजे शक्य ऊर्जांची यादी, जसाच्या तसा! पाचांपैकी टाइप दोन-ए आणि दोन-बी हे सिद्धांत असेच जोडले जातात.

एस-द्वैत, म्हणजे प्रबळ आणि दुर्बळ युग्मनातलं (स्ट्रिंगच्या परस्परक्रियेच्या ताकदीतलं) नातं, अवघड आहे, कारण प्रबळ युग्मनात परटर्बेशन थिअरी (लहान लहान दुरुस्त्या जोडत उत्तर काढायची पद्धत) अपुरी पडते. तिथे बीपीएस अवस्थांचा, म्हणजे सममितीमुळे ज्यांचं वस्तुमान प्रबळ युग्मनातही नेमकं कळतं अशा अवस्थांचा, आधार घे. मला सर्वांत सुंदर वाटतो तो दोन-एमधला डी-शून्य ब्रेन, म्हणजे बिंदूसारखी एक वस्तू. त्याचं वस्तुमान युग्मनांकाच्या व्यस्त प्रमाणात असतं, आणि अशा ब्रेनच्या बद्ध अवस्थांची वस्तुमानं दुप्पट, तिप्पट, चौपट अशी चढत जातात. गुंडाळलेल्या मितीची खूण नेमकी हीच! युग्मन वाढवलंस की ती मिती मोठी होते आणि दहाऐवजी ११ मिती समोर येतात.

आणि हो, क्वांटम फील्ड थिअरी कच्ची असेल तर आधी ती पक्की कर.