सुपरहिरो न आवडणाऱ्या सासू-सासऱ्यांसोबत बघता येईल असा एखादा सुपरहिरो चित्रपट आहे का?

आहे. ‘मिन्नल मुरली’, मल्याळम, २०२१. दिग्दर्शक बेसिल जोसेफ. नेटफ्लिक्सवर हिंदीतही आहे.

पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, ‘त्यांना असले पिक्चर कळत नाहीत’, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने आमच्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल वापरलं होतं, तेही त्यांच्यासमोर.

आम्ही सोलापूरचे. अण्णा चाळीस वर्षं शाळेच्या युनिफॉर्मचं कटिंग करतात. त्या वर्षी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, दादा पुण्याहून आला होता. रात्री त्याने मोठ्या हौसेने टीव्हीवर ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ लावला. अण्णा दर दोन मिनिटांनी विचारायचे, ‘हा कोण? हा का रडतोय?’ अर्ध्या तासात ते भिंतीला टेकून झोपले. दादा म्हणाला, ‘जाऊ दे, त्यांना नाही कळायचं.’ अण्णांना झोप लागली होती, पण पूर्ण नाही. मी त्यांचा चेहरा बघितला.

अहो, तो मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकेतला २२वा चित्रपट! आधीचे २१ न बघितलेल्या माणसाला त्यातलं कुणाचं मरण लागणार आहे? चूक बघणाऱ्याची नाही, लावणाऱ्याची आहे.

दोन दिवसांनी मी ‘मिन्नल मुरली’ लावला. यातला हिरो जेसन हा गावातला शिंपी. ते कळल्याबरोबर अण्णा उठून बसले. अंगावर चादर होती. तिची घडी अंगठ्याच्या नखाने दाबत बसायची त्यांना सवय आहे, कापडावर दुमड पाडतात तशी. जेसनला गाव सोडून अमेरिकेला जायचंय हे कळल्यावर म्हणाले, ‘हातात कला असून हा कशाला पळतोय?’ दादा काही बोलला नाही.

मग वीज पडते. पण ती एकट्या जेसनवर पडत नाही. त्याच रात्री शिबूवरही पडते. शिबू म्हणजे चहाच्या टपरीवर राबणारा, गावाने वेडा ठरवलेला माणूस. गुरु सोमसुंदरम हा तमिळ रंगभूमीवरचा नट ते काम करतो. वर्षानुवर्षं मनात ठेवलेली उषा गावात परत येते आणि तो तिच्यासमोर उभा राहतो, त्या सीनला अण्णांचं नख चादरीवर थांबलं ते थांबलंच. आईने जेवायला दोनदा हाक मारली, उठले नाहीत. पिक्चर संपल्यावर एवढंच बोलले, ‘गावाने त्याला नीट वागवलं असतं तर?’

यापेक्षा जास्त काय कळायचं असतं पिक्चरमध्ये? दादाचं अजूनही म्हणणं आहे की हा ‘खरा’ सुपरहिरो चित्रपट नाही, मारामारी कमी आहे, इफेक्ट साधे आहेत. मला ते साफ नामंजूर आहे. अंगात शक्ती येण्याआधी तो माणूस काय काम करतो, गाव त्याला कसं वागवतं, हे दिसलं की ज्याने जन्मात कॉमिक उघडलं नाही तोही त्याच्यासाठी जीव टाकतो. तुमचे सासरे काय काम करायचे ते लिहिलं नाहीत, पण ज्याने हाताने काम केलंय त्याला जेसन नवा वाटणार नाही. कृपा करून ‘आधी हे बघा, मग ते बघा’ अशी यादी त्यांच्या हातात देऊ नका. आणि न कळण्याबद्दल त्यांच्यासमोर तर अजिबात बोलू नका.

हां, एक राहिलं. सुरुवात जरा रेंगाळते, जेसनची पोलिसांशी भांडणं काहींना लांबलेली वाटतील. शेवटाकडे जाळपोळ आहे, लहान मुलं घरात असतील तर ती झोपल्यावर लावा. अडीच तासांहून मोठा आहे. आमच्याकडे भाकरी गार झाली होती, तुम्ही जेवणं आधी उरकून घ्या.