रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा धोक्याचे : टोल्युइनविषयी वाचकांचे प्रश्न

टोल्युइन या द्रावकाचे नाव ओळखीचे नसले तरी त्याचा वास बहुतेकांच्या ओळखीचा असतो. बाजारातल्या अनेक थिनरमध्ये, रबरी चिकटद्रव्यांत आणि छपाईच्या शाईत ते असते. या महिन्यात त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : टोल्युइनचे २०० लिटरचे लोखंडी पिंप रिकामे झाले. दोन दिवस बूच उघडे ठेवून उन्हात वाळवले. आता ते आडवे कापून भंगार टाकायला डबा करायचा आहे. गॅसकटर लावू की ग्राइंडर? (फॅब्रिकेशन वर्कशॉप, चाकण)

दोन्ही लावू नका. हे उत्तर मिळेपर्यंत काम थांबवले असेल, अशी मनापासून आशा आहे.

पेट घेते ती टोल्युइनची वाफ. द्रव स्वतः जळत नाही. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.१ ते ७.१ टक्के असले की ठिणगी मिळताच स्फोट होतो. आता हिशेब करू. २०० लिटरच्या पिंपात १.१ टक्के म्हणजे २.२ लिटर वाफ. तेवढी वाफ व्हायला द्रव टोल्युइन किती लागते? जेमतेम १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. पिंपाच्या तळाला पत्र्याची जी दुमड असते, तिच्या खाचेत यापेक्षा जास्त टोल्युइन सहज अडकून राहते. दोन इंची बुचातून हवा खेळत नाही, त्यामुळे दोन दिवसांचे ऊन पुरत नाही. उलट उन्हाने पत्रा तापतो आणि खाचेतल्या द्रवाची वाफ पिंपभर पसरते.

भरलेल्या पिंपात वाफेला जागाच थोडी असते. रिकाम्यात पूर्ण २०० लिटर स्फोटक मिश्रण मावते. कटर लावल्यावर आधी तळ किंवा झाकण उडते, आणि कापणारा माणूस नेमका त्याच्यासमोर वाकलेला असतो.

पाण्याने विसळून घेतले तरी भागत नाही. टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाणी ओतून दिले की पत्र्यावरचा थर जागच्या जागी राहतो. वाफेने धुणे, मग गॅस मीटरने आतली हवा तपासणे, मग नायट्रोजन किंवा पाणी भरून काम करणे, अशी पद्धत आहे. पण ते प्रशिक्षित लोकांचे काम आहे आणि एका भंगाराच्या डब्यासाठी ते करू नये. बूच घट्ट लावा आणि पिंप पुरवठादाराला किंवा पिंपे स्वच्छ करण्याची अधिकृत परवानगी असलेल्याला द्या. डब्यासाठी नवा पत्रा वाकवा.

प्रश्न : पिंपातून २० लिटरच्या कॅनमध्ये थिनर काढताना मुले नळीचे टोक तोंडाने ओढून धार चालू करतात. एकाच्या तोंडात थोडे गेले, त्याने थुंकून टाकले. काही होते का? आणि काढण्याची बरोबर रीत कोणती? (फर्निचर पॉलिश, उल्हासनगर)

पहिल्या भागाचे उत्तर आधी, कारण त्यात जीव अडकलेला आहे. थोडेसे टोल्युइन पोटात गेले त्याहून ते श्वासनलिकेत उतरले तर जास्त वाईट. ते पातळ असल्याने फुप्फुसात झटकन पसरते आणि न्युमोनियासारखी सूज आणते. अशा माणसाला उलटी करायला कधीही लावू नका, मिठाचे पाणी पाजू नका. वर येताना ते पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंड धुवायला सांगा, मोकळ्या हवेत शांत बसवा, धावपळ करू देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. ठसका, धाप किंवा गुंगी नसली तरी दवाखान्यात दाखवा आणि डब्यावरचे लेबल सोबत न्या. फुप्फुसाची लक्षणे काही तासांनीही दिसू लागतात. तोंडाने नळी ओढणे आजपासून बंद करा. हातपंप फार महाग नसतो.

आता रीत. टोल्युइन वीज जवळजवळ वाहून नेत नाही, म्हणून नळीतून वाहताना त्यात स्थिर विद्युतभार साठतो आणि लवकर उतरत नाही. ही वाफ पेटायला सुमारे ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. थंडीच्या कोरड्या दिवसांत दाराच्या कडीला हात लावताना जी टिचकी बसते, तिच्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असू शकते. त्यात आणखी एक वाईट योग आहे. पेट्रोलच्या बंद टाकीतली वाफ आपल्याकडच्या उन्हाळ्यात सहसा इतकी दाट असते की आतल्या आत पेटत नाही. टोल्युइनचे तसे नाही. २० अंशांना बंद डब्यातली वाफ सुमारे २.९ टक्के असते आणि ३० अंशांना ४.८. म्हणजे आपल्या रोजच्या तापमानात डब्यातली हवा बरोबर स्फोटाच्या पट्ट्यातच असते.

पिंप आडवे किंवा उभे, पण पक्क्या अर्थिंगला जोडलेले हवे. कॅन धातूचा घ्या. दोन्हींना जोडणारी तांब्याची वायर आणि दोन टोकांना दातेरी क्लिपा लागतात. क्लिप रंगावर लावली तर उपयोग शून्य. पत्र्यावरचा रंग तेवढ्या जागी खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे. क्लिपा बूच उघडण्याआधी लावायच्या. पंप पितळी किंवा विद्युतवाहक नळीचा असावा आणि नळीचे टोक कॅनच्या तळाला टेकलेले हवे. वरून धार सोडली की शिंतोडे उडतात आणि भार झपाट्याने वाढतो. टोक बुडेपर्यंत अगदी सावकाश भरा. कॅन भरल्यावर मिनिटभर थांबा, बूच लावा, क्लिप सगळ्यात शेवटी काढा, कारण क्लिप सुटताना ठिणगी पडलीच तर उघड्या तोंडाशी पडू नये.

एका वस्तूकडे मुद्दाम लक्ष द्या : लोखंडी कडीची प्लास्टिक बादली. बादली नळाला टांगून भरली जाते. बादलीतला भार प्लास्टिकमधून जमिनीत जात नाही. लोखंडी कडी मात्र तो गोळा करते आणि नळाच्या लोखंडी तोटीजवळ आल्यावर एका ठिणगीत सगळा सोडते. ठिणगीची जागा नेमकी वाफेच्या तोंडावर. प्लास्टिकचे नरसाळे आणि ढवळताना वापरला जाणारा नायलॉनचा शर्टही बाजूला ठेवा.

बाहेरून अर्थिंग केले की झाले, असेही समजू नये. अमेरिकेत कॅन्ससमधील व्हॅली सेंटर येथे १७ जुलै २००७ रोजी बार्टन सॉल्व्हंट्स या द्रावक कंपनीच्या आवारात नाफ्थाची (पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रावकाची) टाकी फुटून मोठी आग लागली. सरकारी चौकशीत कारण सापडले ते टाकीतल्या पातळी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या सैल जोडात. टाकी जमिनीला जोडलेली होती, पण आतला तो तुकडा नीट जोडलेला नव्हता. म्हणून डब्यात सुटी साखळी, खिळा, मोजपट्टी असे काहीही पडलेले नको.

प्रश्न : १० बाय ८ फुटांच्या गाळ्यात चपलांचे तळ चिकटवतो. दिवसाला साधारण एक लिटर द्रावक उडून जाते. छताजवळ एक्झॉस्ट पंखा आहे, तोंडाला रुमाल बांधतो. संध्याकाळी डोके जड होते. सूनही हे काम करते, तिला चौथा महिना आहे. (कोल्हापूर)

सुनेला आजच या कामातून बाजूला करा, त्या गाळ्यात बसूही देऊ नका. टोल्युइनची गणना गर्भाला अपाय करण्याचा संशय असलेल्या रसायनांत होते. तिच्या डॉक्टरांना हे काम होत होते असे स्पष्ट सांगा.

एक लिटर टोल्युइन उडाले की सुमारे २३० लिटर वाफ होते. ती २१ घनमीटर हवेला स्फोटक करायला पुरते, आणि तुमचा गाळा नऊ फूट उंच धरला तर जवळजवळ तेवढाच आहे. आठ तासांच्या सरासरीसाठी भारतातील कारखान्यांना घातलेली १०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग वाफ) मर्यादा पाळायची, तर त्याच एका लिटरसाठी सुमारे २३०० घनमीटर ताजी हवा लागते. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था तर २० पीपीएमच सुचवते. म्हणजे विषबाधेची पातळी आगीच्या पातळीच्या कितीतरी आधी येते. आगीचा गॅस मीटर ‘एक टक्का’ (म्हणजे स्फोटाला लागणाऱ्या किमान १.१ टक्क्यांचा शंभरावा भाग) दाखवतो तेव्हा हवेत ११० पीपीएम असतात. मीटर गप्प आहे म्हणून हवा चांगली, असा अर्थ काढू नका. वासावरही विसंबू नका, काही मिनिटांत नाक सरावते.

टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, म्हणून छताजवळचा पंखा तिला नीट ओढत नाही. हवा टेबलाच्या कडेने, तुमच्या तोंडापासून दूर आणि खाली ओढली गेली पाहिजे. जमिनीपासून फूटभरावर बाहेर जाणारा मार्ग आणि समोरून ताजी हवा. पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी, हवी. रुमाल आणि धुळीचा एन ९५ मास्क वाफ अडवत नाहीत. सेंद्रिय वाफेची काडतुसे असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. वास येण्याची वाट न पाहता काडतूस वेळेवर बदलायचे आणि काम नसताना ते हवाबंद पिशवीत ठेवायचे, नाहीतर टेबलावर पडल्या पडल्या संपते.

हातमोजे घेताना फसगत होते. साधे रबर आणि पातळ नायट्रिल यांतून टोल्युइन काही मिनिटांत आरपार जाते. व्हायटॉन या खास रबराचे किंवा बहुपदरी लॅमिनेटचे मोजे टिकतात. थिनरने हात धुऊ नका.

चिकटद्रव्याच्या डब्यावर ‘हेक्झेन’ (नसांना अपाय करणारे दुसरे एक द्रावक) लिहिले आहे का, तेही पाहा. पायाच्या बोटांना मुंग्या येत असतील, चप्पल नकळत सुटत असेल, तर तो नसांवरचा परिणाम असू शकतो. थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : घराला लागून असलेल्या पॉलिशच्या शेडमध्ये एक पिंप ठेवले तर चालेल का? आग लागली तर पाणी मारावे का? (नाशिक)

पिंप चालणार नाही. टोल्युइनचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणून १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या वर्गवारीत ते ‘अ’ वर्गात येते. विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय एकूण ३० लिटरच ठेवता येते, तेही घट्ट बुचाच्या भांड्यांत : काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर प्रत्येकी एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. त्यापुढे परवाना घ्या. घराला लागून तीस लिटरही जास्तच आहेत. दोन दिवसांपुरते आणा.

पाण्याचा झोत नको. टोल्युइन पाण्यापेक्षा हलके आहे, ते तरंगत आगीसकट पुढे सरकते. कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा फोम वापरा. थिनरमध्ये ॲसिटोन किंवा अल्कोहोल असेल तर साधा फोम विरघळतो, अल्कोहोलरोधक फोम मागून घ्या. आग डब्याबाहेर पसरली असेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

पॉलिशवाल्यांसाठी आणखी एक : थिनरची चिंधी आपोआप पेटत नाही, पण अळशीच्या तेलाची चुरगळलेली चिंधी आतून तापत जाऊन पेटू शकते. दोन्ही एका कोपऱ्यात टाकणे फार घातक. तेलाची फडकी पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, रोज शेडबाहेर ठेवा.

प्रश्न : पाच लिटर सांडले तर? आणि उरलेले घाण थिनर कुठे टाकायचे? (छपाई, सांगली)

आधी माणसे बाहेर. दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्हींत ठिणगी असते. मेन स्विच बाहेर असेल तरच तो पाडा. दारे उघडा आणि गटाराच्या तोंडाशी कोरड्या वाळूचा बांध घाला, कारण गटारातून गेलेली वाफ शेजारच्या चुलीपर्यंत पोहोचून तिथून आग मागे आणते. वाळूनेच टिपा, लाकडाच्या भुशाने नाही. पितळी किंवा लाकडी फावड्याने वाळू झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा.

घाण थिनर आणि ही वाळू दोन्ही घातक कचरा आहेत. लेबल व तारीख लावून ठेवा, नेहमीच्या नियमाने ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामाईक विल्हेवाट केंद्रे आहेत. तुमच्या भागातून कचरा कोण नेतो ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा. तोवर डबा सावलीत आणि बूच बंद.