रक्त थांबलं, पण दात हलतोय

प्रश्न : माझं वय ४८. पूर्वी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं, आता येत नाही. दुखतही नाही. पण वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आहे आणि खालचा एक दात जिभेने ढकलला की हलतो. तोंडाला वास येतो, असं बायको म्हणते. रोज आठ-दहा सिगारेटी होतात. दात साफ केले की खिळखिळे होतात असं ऐकल्यामुळे टाळतोय. काय करू?

उत्तर : सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, सूज आणि लालीही फारशी दिसत नाही. वरून हिरडी फिकट, घट्ट असते आणि एक्सरे काढला की मुळाभोवतीचं निम्मं हाड गेलेलं! हिरड्यांचा हा आजार (पेरिओडॉन्टायटिस, यात दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं) गंभीर झाला तरी बहुधा दुखत नाही. या वयात नव्याने पडलेली फट मला रक्तापेक्षा जास्त खटकते. उद्या सिगारेट सोडलीत (आणि सोडाच) तर काही दिवस रक्त पुन्हा दिसेल. घाबरून ब्रश थांबवू नका.

हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे जा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडीत हलकेच सरकवून ते दात आणि हिरडी यांमधल्या कप्प्याची खोली मोजतील. १ ते ३ ठीक, ६ किंवा जास्त म्हणजे प्रकरण गंभीर. आकडे लिहून घेतात, त्याची प्रत मागा. न मोजताच 'क्लीनिंग करून टाकू' म्हणणाऱ्याकडे मी तरी थांबणार नाही. रक्तातली साखरही तपासा. मधुमेह आणि हा आजार एकमेकांना बिघडवतात.

उपचाराची सुरुवात डीप क्लीनिंगने होते. भूल देऊन हिरडीखालचं, मुळाला दगडासारखं चिकटलेलं काळपट टार्टर काढतात. त्यानंतर सूज उतरते, दात लांब दिसतात, फटी उघड्या पडतात, गार लागलं की शिणशिणतं. 'साफ केले आणि दात हलले' ही तक्रार यातूनच येते. हाड आधीच गेलेलं असतं, टार्टर ते झाकून ठेवतं एवढंच. गेलेलं हाड सहसा पूर्ण भरून येत नाही. उरलेलं टिकवायचं असतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. खोल कप्पे उरलेच तर हिरडी उघडून फ्लॅप सर्जरी, काही ठिकाणी हाडाची भर (ग्राफ्ट). नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी किंवा माउथवॉशने हे होत नाही. पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी आणि रोज दातांच्या मधल्या फटींत छोटा इंटरडेंटल ब्रश.

हलणारा दात काढायची घाई नको. तो आडवा थोडा हलत असेल तर शेजारच्या दातांना बांधून वाचू शकतो. दाबल्यावर उभा खाली-वर होत असेल तर मात्र वाचणं कठीण. पुढची फट बुजवण्याचा विचार आजार आटोक्यात आल्यावरच करा. हिरड्या बिघडलेल्या असताना तार लावली तर उरलेलं हाडही जाईल.