न पाहिलेल्या इंजिनाची ओढ

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी ठाणे स्थानकात उभा राहून गाड्यांच्या इंजिनांचे क्रमांक वहीत टिपतो. त्याला सर्वाधिक ओढ मात्र कोळशाच्या इंजिनांची आहे आणि ती तर त्याने धावताना पाहिलेलीही नाहीत. ही ओढ आम्ही कशी समजून घ्यावी?
– एक पालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन वाफेच्या इंजिनांनी तुमच्याच शहरात आणली. पुढे 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी सुरू झाली आणि 1930 च्या सुमारास पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर आला. त्यामुळे आजच्या ज्येष्ठ ठाणेकरांच्या आठवणीतली कोळशाची इंजिनेही बहुधा गावाकडची, दौंड-मनमाडच्या बाजूची असतात. तेव्हा मुलाची ओढ निव्वळ आठवणींवर पोसलेली नाही, हे उघड आहे.

माझ्या मते तिचे मूळ त्या यंत्राच्या उघडेपणात आहे. भट्टीतल्या आगीने बॉयलरमध्ये वाफ तयार होते, ती सिलिंडरमधल्या दट्ट्याला (पिस्टनला) आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ढकलते आणि दट्ट्याला जोडलेले लोखंडी दांडे आपल्या डोळ्यांदेखत चाके फिरवतात. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ धुराड्यातून बाहेर पडते, म्हणून जड गाडी सुटताना तो भकभकाट संथ आणि खोल येतो, वेग वाढला की एकमेकांत मिसळत जातो, आणि जाणकार माणूस डोळे मिटूनही चढ नि ओझे ओळखतो. विजेच्या इंजिनाचे सारे काम पत्र्याआड चालते.

मात्र फावड्याने भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे कष्ट त्याला जरूर सांगा. कोळशाच्या उष्णतेचा दहावा हिस्साही प्रत्यक्ष ओढण्याच्या कामी येत नसे. ही इंजिने निवृत्त झाली ते योग्यच झाले, आणि तरीही ती मनाला भिडतात.

क्रमांक टिपणे हा रिकामपणाचा उद्योग समजू नका. ‘डब्ल्यूएपी-7’ या इंजिनाच्या प्रकारनावातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (रुंद रूळमार्ग), ए म्हणजे एसी (प्रत्यावर्ती) वीज आणि पी म्हणजे प्रवासी गाडी; त्याने क्रमांकासोबत इंजिनावर रंगवलेले शेडचे, म्हणजे त्याच्या देखभालीच्या ठिकाणाचे, नावही लिहावे, म्हणजे कुठले इंजिन कुठवर येते ते उलगडत जाईल. फलाट तिकीट दोनच तास चालते आणि रुळांत उतरणे गुन्हा आहे, एवढे त्याला बजावून ठेवा.

एखाद्या रविवारी त्याला नेरळला न्या. 1907 मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचे एक जुने वाफेचे इंजिन तिथे जपून ठेवले आहे आणि त्याचे दांडे, चाके अगदी जवळून न्याहाळता येतात. धावते इंजिन पाहायचे असेल, तर हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये चालू स्थितीतली वाफेची इंजिने सांभाळली जातात. मोठ्या सुट्टीत तो प्रवास अवश्य आखावा.