शेवटची कमिट जुनी आहे, म्हणून पॅकेज मेलं का?

तीन वर्षांत एकही कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) नाही म्हणून लगेच पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) टाकून देऊ नकोस. काही कामं खरंच पूर्ण झालेली असतात. टेक (TeX) हा छपाईसाठी मजकूर जुळवणारा प्रोग्राम बघ. तो लिहिणाऱ्या डोनाल्ड क्नूथ यांनी १९९० मध्येच सांगून टाकलं की आता फक्त चुका दुरुस्त होतील, नवीन काही येणार नाही.

पॅकेज जिवंत आहे का हे ठरवायला मी आधी बंद झालेले इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी) बघतो. माणसाने उत्तर देऊन बंद केलेत, की बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) ‘हालचाल नाही’ म्हणून? बॉटचे धरायचे नाहीत. मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये घ्या म्हणून पाठवलेले बदल. दोन ओळींची दुरुस्ती, चाचण्या पास, तरी आठ महिने पडून, आणि खाली चार जण ‘काही अपडेट?’ विचारतायत, तर समज, घरात कोणी नाही. कमिटची नुसती तारीख पाहू नकोस, आत काय आहे तेही वाच. कधीकधी सगळ्या डिपेंडाबॉटच्याच निघतात, म्हणजे आत वापरलेल्या इतर पॅकेजांची व्हर्जन आपोआप वाढवणाऱ्या बॉटच्या. मी एकदा असाच फसलो: दुरुस्ती मुख्य ब्रँचवर (चालू कोडमध्ये) होती, ती असलेलं रिलीज (लोकांसाठीचं नवं व्हर्जन) मात्र कधी निघालंच नाही.

डाउनलोडचा आकडा सोडून दे. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातलं ‘रिक्वेस्ट’ हे पॅकेज २०२० मध्ये डेप्रिकेट झालं (‘आता वापरू नका’ असा शिक्का बसला), तरी लोक ते उतरवतच राहिले.

आणि बरीच वर्षं शांत असलेल्या पॅकेजला अचानक नवा मेंटेनर (सांभाळणारा) मिळाला, तर लगेच खूश होऊ नकोस. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे पॅकेज असंच नव्या हातात गेलं आणि त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड आला. अशा वेळी मी व्हर्जन पिन करतो (आहे तेच पक्कं ठेवतो) आणि डिफ (दोन व्हर्जनमधला फरक) वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही.