कोठ्यातली प्रश्नोत्तरं : सोडून दिलेला गोऱ्हा घरी आणला, आता पुढं?

मागच्या अंकात बायपासवर सोडून दिलेल्या एका गोऱ्ह्याबद्दल, म्हणजे नर वासराबद्दल, मी चार ओळी काय लिहिल्या, त्यात सोडून देणाऱ्यांना ‘काळीज नसलेले’ काय म्हटलं, पत्रं आणि व्हॉट्सॲपचे मेसेज येऊनच राहिले. निम्मे लोक विचारतात वासरू जगवायचं कसं, काही विचारतात मोठं झाल्यावर करायचं काय, आणि दोघा-तिघांनी मला चांगलंच झापलंय. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, जमतील तेवढे घेते.

प्रश्न : काकू नमस्कार. आमच्या गावाबाहेर एकाचा आठ-दहा एचएफ, म्हणजे जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या, गाईंचा गोठा हाय. त्यानं चार दिवसाचा गोऱ्हा नाल्याच्या पुलाजवळ सोडून देला. माह्या पोरानं पोत्यात गुंडाळून सायकलवर घरी आणला. दोन दिवस चांगला दूध प्याला, मंग पांढरं हगायला लागला, आज धड उठूनही नाही राहिला. शेजारचे म्हणतात दूध बंद करा अन् ताक पाजा, सासूबाई म्हणतात हळद-गूळ द्या. का करू?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : ताई, तुमचा मेसेज वाचल्या वाचल्या मी फोन केला होता आणि गोऱ्हा आता उभा राहतोय हे परवा कळलं, बरं वाटलं. बाकीच्यांवर हीच वेळ येणार म्हणून सगळं लिहिते.

आधी हे समजून घ्या की असं वासरू आपल्याकडं येतं तेव्हाच ते अर्धं हरलेलं असतं, कारण बहुतेक वेळा त्याला चीक मिळालेलाच नसतो. वासराच्या अंगात आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद येत नाही, ती सगळी चिकातून येते आणि आतडं ती फक्त पहिल्या दिवसातच ओढून घेतं, त्यातही पहिले सहा तास खरे कामाचे, 24 तासांनंतर बादलीभर चीक पाजला तरी तो पोट भरण्यापुरताच. म्हणून चार दिवसांच्या वासराला हगवण लागली की ती साधी नसते.

वासरू हगवणीनं मरतं ते अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळं. मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर गेलं नाही, डोळे खोल गेलेले दिसले, तोंडात बोट घातल्यावर आतून गार लागलं आणि चोखलंच नाही, तर घरी प्रयोग करत बसू नका, 1962 ला फोन लावा, फिरता दवाखाना येतो, सलाईन लागेल. चोखत असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे दिवसातून दोन-तीनदा अर्धा-अर्धा लिटर पाजायचं. दुधात मिसळायचं नाही, दोन दुधांच्या मधल्या वेळेला द्यायचं. दूध मात्र बंद करायचं नाही, हगवणीत दूध तोडणं ही आपल्याकडची जुनी चूक आहे, वासरू उपाशी राहून अजून खचतं. दूध किती, तर वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 30 किलोचा गोऱ्हा असेल तर दिवसाला तीन लिटर, तेही एकदम नाही, तीन वेळेला एक-एक लिटर, मनगटावर टाकलं तर कोमट लागेल असं. लोक पहिल्या दिवशी दया येऊन एका बैठकीत दोन-अडीच लिटर पाजतात आणि मग हगवण लागली म्हणून रडतात.

ताक आणि हळद-गुळाबद्दल सासूबाईंना दुखवू नका पण देऊही नका.

आणि कसं पाजायचं हे जास्त महत्त्वाचं. माझ्याकडं आलेलं पहिलं वासरू मीच मारलं असं मी आजही म्हणते. ते चोखत नव्हतं, मला घाई, आमच्या ह्यांनी मान धरली आणि मी बैलांना औषध पाजायची बांबूची नळी तोंडात घालून दूध ओतलं. दोन घोट गेले आणि तिसऱ्याला नाकातून दूध आलं, ते खोकललं, मग रात्रभर छातीतून घरघर आवाज येत होता जसा हुक्का ओढावा तसा. चुलीजवळ पोत्यावर ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी पहाटे गेलं. दूध फुप्फुसात गेलं होतं. तेव्हापासून नळी त्या पोरट्यांच्या जवळ न्यायची नाही हा आमच्या घरातला कायदा. बाटली घ्या, वासराचं निपल कृषी केंद्रात किंवा जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळतं, त्याचं भोक सुईनं मोठं करायचा मोह टाळा. बाटली गाईच्या सडाच्या उंचीला धरा, मान थोडी वर. आधी बोट दुधात बुडवून चोखायला द्या, चोखायला लागलं की हळूच बोट काढून निपल सरकवा. ते ढुशी मारेल, मारू द्या, तेव्हाच कळतं की हे जगणार.

नाळ ओली असेल तर टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. खाली कोरडं कुटार म्हणजे भुसा टाका आणि रोज बदला, पावसाळ्यात ओल्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, ठेवलेलं वासरू औषधानं वाचत नाही.

प्रश्न : दीड महिन्याच्या वासराला थोडी थोडी सरकी ढेप चालू केली तर लवकर वाढेल का? घरचीच ढेप आहे.
– पांढरकवडा

उत्तर : नाही. आपल्याकडं ढेपेशिवाय जनावर म्हणजे काय असं वाटतं, पण सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, मोठ्या जनावराच्या पोटात ते बरंचसं निकामी होतं, लहान वासराचं पोट अजून तयार नसतं त्यामुळं त्याच्या हृदयावर जातं, चांगलं दिसणारं वासरू एकदम पडतं. काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांचं तयार खाद्य, आणा, दोन आठवड्यांपासून मूठभर तोंडाला लावत जा, समोर स्वच्छ पाणी आणि मऊ गवत ठेवा. ढेप पुढं, रवंथ नीट करायला लागल्यावर. कोवळी ज्वारीही नको, तिनं मोठी जनावरंसुद्धा फुगून नाही तर विषानंच मरतात.

प्रश्न : काकू, तुम्ही मागच्या अंकात आम्हाला ‘काळीज नसलेले’ लिहिलं. माझ्याकडं बारा गाई आहेत. गोऱ्ह्याला दूध पाजलं तर माझ्या घरात काय पाजू? विकता येत नाही, कापायला देता येत नाही, बैल म्हणून कोणी घेत नाही. तुम्हीच सांगा कुठं ठेवू.
– दूध उत्पादक, अचलपूर तालुका

उत्तर : दादा, तो शब्द मी मागे घेते. रागात लिहिला होता.

तुमचा हिशोब मी मांडून पाहिला. गोऱ्ह्याला दोन-सव्वादोन महिने रोज तीन लिटर म्हणजे दोनशे लिटर दूध, 35 चा भाव धरला तर सात हजार रुपये, आणि पुढं चारा वेगळाच. त्याच्या बदल्यात हातात काय, तर असं जनावर ज्याला वशिंड नाही. आमच्या सासऱ्यांच्या काळी आपल्या देशी गवळाऊ गाईचा गोऱ्हा झाला की पेढे वाटायचे, दोन वर्षांत तो वखराला जुंपायचा, वशिंडापुढं जू बसायचं. एचएफ, जर्सीच्या खांद्यावर जू घसरतं आणि आपल्या मे महिन्यात तो दुपारी अकरालाच धापा टाकतो. त्यात ट्रॅक्टर आला. गाय संकरित केली ती दुधासाठी, गोऱ्ह्याचं काय करायचं हे कोणी सांगितलंच नाही. महाराष्ट्रात गाय कापायला बंदी 1976 च्या कायद्यानं आली, 2015 मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. कायदा चूक की बरोबर यावर मी इथं वाद घालत नाही, पण कायद्यानं कोणाच्याही कोठ्यात कुटाराचं एक ओझं आणून टाकलेलं नाही हे खरं आहे.

तरी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक, लिंग वर्गीकृत रेतन, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याच्या कांड्या. त्या कांड्यांनी दहातल्या नऊएक कालवडी होतात, कालवडीला भरवलं तर जास्त बरं लागतं, मात्र साध्या कांडीपेक्षा गाभण राहायचं प्रमाण थोडं कमी असतं हे धरून चाला. दवाखान्यात विचारा.

दुसरी, चीक. माझ्याकडं शेजारच्या गावातल्या एका गोठेवाल्याचं ठरलेलं आहे. गाय व्यायची असली की तो आदल्या दिवशी फोन करतो. पहिले तीन दिवस चीक डेअरीत चालतच नाही, मग तो गोऱ्ह्यालाच पाजतो, खरवसापुरता घरी काढून घेतो, आणि पाचव्या दिवशी मी पिकअप पाठवते. त्याचं काही जात नाही आणि मला जिवंत वासरू मिळतं. आधी तो दुसऱ्या दिवशीच सोडायचा, तेव्हा माझ्याकडची निम्मी मरायची. तुम्ही पाच दिवस ठेवा, नालापुलाजवळ नेऊ नका, तुमच्या तालुक्यातलं कोणी सांभाळणारं असलं तर मी जोडून देते.

प्रश्न : यवतमाळच्या बहिणीकडं एक गोऱ्हा न्यायचा आहे. मोटरसायकलवर पाय बांधून नेलं तर चालेल का?
– कारंजा

उत्तर : बिलकुल नाही, छळ तर आहेच, गुन्हाही आहे. पिकअपमध्ये खाली कुटार, वर ताडपत्रीची सावली. कानात बारा आकडी बिल्ला मारून घ्या, डॉक्टरांचा दाखला घ्या, देणाऱ्याकडून एका कागदावर ‘सांभाळायला दिला’ असं सहीनिशी लिहून घ्या, सरपंचांची सही मिळाली तर सोन्याहून पिवळं. रस्त्यात कोणी अडवलं तर तोंडानं सांगितलेलं कोणी ऐकत नाही. रात्री निघू नका.

प्रश्न : आमच्याकडं आता सात झालेत, सगळे गोऱ्हे. गोशाळेला अनुदान मिळतं म्हणतात, आम्हाला मिळेल का? अन् मोठे झाल्यावर?
– हिंगणघाट तालुका

उत्तर : भाऊ, आठवा घेऊ नका. हे आधी.

अनुदान म्हणाल तर गोसेवा आयोगामार्फत रोज गाईमागे 50 रुपयांची योजना 2024 मध्ये जाहीर झाली, पण ती नोंदणी असलेल्या गोशाळांसाठी आणि देशी गाईंसाठी. तुमचे एचएफ गोऱ्हे त्यात कुठंच बसत नाहीत, गंमत आहे, ज्यांना लोक सोडून देतात त्यांच्याच नावावर काही नाही.

मोठे झाल्यावर दोन वर्षांचा कोवळा वळू अंगणात बांधून ठेवणं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ, म्हणून डॉक्टरकडून बर्डिझोनं, म्हणजे त्यासाठीच्या चिमट्यानं, खच्चीकरण करून घ्या, दगडानं ठेचणारे लोक अजून आहेत त्यांना कोठ्यात येऊ देऊ नका. मग हलक्या कामाला वापरा, डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींत डवरा फिरवायला, सकाळचे दोन तास चालतात. आमचा सगळा आधार शेणावर आहे. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला दिवसाला 50 किलोच्या आसपास शेण लागतं, चार-पाच जनावरांत होतं, सिलिंडर वाचतं आणि स्लरी तुरीला. नफा होतो असं मी म्हणत नाही. खर्च अर्ध्यावर येतो.

लसी चुकवू नका, चौथ्या महिन्यात लाळ खुरकत, महिन्याभरानं पुन्हा, सहाव्या महिन्यानंतर घटसर्प आणि फऱ्या, दरवर्षी पावसाळ्याआधी. अंगभर गाठी येणारा लम्पी 2022 मध्ये सगळ्यांनी पाहिलाच. आणि गोचीड, संकरित वासराला गोचीड म्हणजे मरण, खांद्यापुढची गाठ सुजली आणि ताप असला तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : म्हशीचा हेला सापडला तर हेच सगळं लागू होतं का?
– साकोली

उत्तर : पाजणं, उबेला ठेवणं, सगळं तेच. फक्त म्हशीच्या पिल्लात जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळं पंधराव्या दिवशी पायपेराझिन हे जंताचं औषध हवंच, डोस डॉक्टरला वजन सांगून. पोट सुटलेलं आणि केस उभे दिसले तर उशीर झालाय समजा.

प्रश्न : काकू, मी सातवीत आहे. आमच्याकडं दोन महिन्यांचा गोऱ्हा आहे, त्याचं नाव लाडू. तान्ह्या पोळ्याला सगळे लाकडी बैल आणतात, मी लाडूला नेऊ का? आई नाही म्हणते.
– उमरेड

उत्तर : आईला सांग काकूंनी परवानगी दिली, पण अटी आहेत. ऑइल पेंट नाही, फक्त गेरू आणि हळद. गळ्यात घुंगरू चालेल, डीजेजवळ उभं राहायचं नाही. दोरी तुझ्याच हातात, मित्राच्या नाही. आणि निघायच्या आधी पोटभर दूध पाजून ने, कारण उपाशी वासरू जे दिसेल ते चोखतं, आमच्या एकानं मागच्या पोळ्याला शेजारच्या पोरीच्या लाकडी बैलाचा कान इतका चोखला की रंग उतरला आणि त्याची जीभ दोन दिवस हिरवी होती.