रोज सफरचंद खाल्ल्याने खरंच फायदा होतो का? आईला शुगर आहे, तिला दिलं तर चालेल का?

हो, फायदा होतो. आणि शुगर असली तरी आईंना दिवसाला एक मध्यम सफरचंद चालतं, फक्त सालीसकट आणि चावून खायचं, ज्यूस करून नाही. आमच्या घरी सासऱ्यांना शुगर आहे त्यामुळे हा विषय रोजचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी भुसावळची. आमच्याकडे दवाखान्यात कोणाला भेटायला जायचं म्हटलं की हातात सफरचंदाची पिशवी असतेच, मग पेशंटच्या उशाशी बसून सून नाहीतर लेक सुरीने चांगली जाड साल काढते, पांढऱ्या फोडी करून देते आणि साल जाते कचऱ्यात. मला ते बघवत नाही. १०० ग्रॅम सफरचंदात सालीसकट साधारण २.४ ग्रॅम फायबर असतं, सोललं की ते १.३ च्या आसपास येतं, आणि क्वेरसेटिन नावाचं जे अँटिऑक्सिडंट आहे ते तर मुख्यतः सालीतच असतं. वरच्या मेणाची भीती वाटत असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा आणि फडक्याने पुसा.

शुगरवाल्यांना ते का चालतं तर त्यात पेक्टिन असतं, हे विरघळणारं फायबर पोटात जाऊन घट्ट जेलीसारखं होतं, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, शिवाय वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी व्हायला मदत होते आणि पोटही साफ राहतं. मध्यम सफरचंदात १८-१९ ग्रॅम साखर असते, कमी नाही ती, म्हणून एकच. ज्यूस केला की फायबर चोथ्यात जातं आणि ग्लासात नुसतं गोड पाणी उरतं. २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात अख्खं सफरचंद, द्राक्षं, ब्लूबेरी खाणाऱ्यांमध्ये टाईप २ डायबेटीसचं प्रमाण कमी दिसलं आणि रोज फळांचा ज्यूस पिणाऱ्यांमध्ये उलट जास्त.

ते रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला लांब ठेवा म्हणतात ना, ती म्हण मूळची वेल्समधली, १८६६ सालापासून छापलेली सापडते. अमेरिकेत २०१५ मध्ये ते तपासूनही पाहिलं, तर रोज सफरचंद खाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या काही कमी नव्हत्या, औषधं मात्र थोडी कमी लागत होती. म्हणजे फळ चांगलंच आहे पण आईंची गोळी बंद करायची नाही.

आणि रक्त वाढतं म्हणून देत असाल तर तसं नाही. कापल्यावर फोड तपकिरी पडते म्हणजे त्यात लोह आहे असं आमच्याकडे पण सगळे सांगतात, पण तो फळातल्या एन्झाइमचा हवेशी संबंध आल्याचा परिणाम आहे, लोह १०० ग्रॅममागे जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. रक्तासाठी हळीव, बाजरी, पालेभाजी, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी.

आता मला जे कळकळीने सांगायचंय ते. सफरचंद हिमाचल-काश्मीरचं, कोल्ड स्टोरेजमधून आमच्यापर्यंत येईस्तोवर महाग होतं, आणि रावेर-यावलला केळीचे घड पाठीवर वाहणारा माणूस पोरगं आजारी पडलं की दिवसाच्या मजुरीतून सफरचंदच घेतो, कारण केळं म्हणजे साधं, गरिबाचं असं डोक्यात बसलंय. अहो, केळ्यात सफरचंदाच्या तिप्पट पोटॅशियम असतं! आणि पेरूत १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी, सफरचंदात ५ सुद्धा नाही, फायबरही पेरूत दुप्पट. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरचे लोक नावाजून खातात आणि आपण पेशंटला न्यायला लाजतो. तुमच्या आईंना तर मी सफरचंदाच्या आधी पेरू देईन, केळं द्यायचं तर अर्धं, आणि साल काळी पडलेलं फार पिकलेलं नको.

कधी द्यायचं? आमच्याकडे चारच्या चहासोबत टोस्ट नाहीतर शेव-मुरमुरे व्हायचे, त्याऐवजी आता फळ असतं. हे बदललं तरच उपयोग, बिस्किटं खाऊन वर सफरचंद खाल्लं तर साखर वाढणारच ना. सासऱ्यांना कवळी आहे, त्यांना चावत नाही म्हणून मी सालीसकट एकदम पातळ काप करते आणि लिंबू पिळते, मीठ नाही कारण बीपी पण आहे.

काहींना सफरचंदाने गॅस होतो, तसं झालं तर अर्ध्यावर या किंवा वाफवून द्या. बिया काढून टाका, चावायच्या नाहीत. आणि आईंना किडनीचा काही त्रास असेल तर केळं आणि पेरू डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यातलं पोटॅशियम अशा पेशंटला जड जातं, तिथे सफरचंदच बरं.